नदीच्या तळावरून सरकणारा गाळ मोजायचा कसा: उन्हाळ्यातल्या तयारीपासून ब्रासच्या हिशोबापर्यंत

बाटलीत गढूळ पाणी भरलं, गाळलं, वाळवून वजन केलं आणि "नदी एवढा गाळ वाहून नेते" असं रिपोर्टात ठोकून दिलं, हा प्रकार इतक्यांदा बघण्यात येतो की एकदा सगळं नीट लिहून काढावं म्हटलं. बाटलीत येतो तो पाण्यात तरंगत जाणारा गाळ. तळाला घासत, लोळत, छोट्या उड्या मारत जाणारी वाळू आणि खडे त्यात येतच नाहीत, आणि बंधाऱ्याच्या फुगवट्याचं (बंधाऱ्यामुळं मागं तुंबलेल्या पाण्याचं) वरचं टोक भरतं, जॅकवेलच्या (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीच्या) तोंडाशी ढीग लागतो, भांडण होतं ते बऱ्याचदा याच मालावरून.

तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, तरंगता गाळ, जो बाटलीने मोजतात. दोन, पात्रात पडून असलेला माल, जो फावड्याने किंवा स्कूपने उचलता येतो आणि ज्यावरून फक्त दाणा किती मोठा ते कळतं, किती सरकतोय ते कळत नाही. तीन, पूर असताना तळावरून प्रत्यक्ष सरकणारा माल, म्हणजे बेडलोड. हा लेख तिसऱ्याचा आहे, पहिले दोन सोबतीला येतील.

डोळ्यापुढं पश्चिम महाराष्ट्रातल्या नद्या ठेवल्यात, म्हणजे पंचगंगा, भोगावती, वारणा असल्या. वर धरण, मध्ये कोल्हापुरी बंधारे, आणि वाळू हलते ती पावसाळ्यातल्या मोजक्या दिवसांत. केंद्रीय जल आयोगाची कऱ्हाड, अर्जुनवाड, कुरुंदवाड अशी केंद्रं आहेत, तिथले पातळी आणि विसर्गाचे आकडे संदर्भाला धरा, पण आयोगाच्या केंद्रांवर गाळ म्हणून जो मोजतात तो तरंगता, हे विसरू नका.

आधी प्रश्न ठरवा, मग सामान घ्या

बंधाऱ्यात दरवर्षी किती भरतंय एवढंच हवं असेल तर महागड्या सॅम्पलरच्या नादी लागू नका, पावसाळ्याआधी आणि नंतर आडवे छेद मोजा, म्हणजे काठापासून काठापर्यंत तळाची पातळी घ्या, काम भागतं. पुलाचा किंवा जॅकवेलचा पाया पुरात किती उघडा पडतो हे हवं असेल तर पुरायच्या साखळ्या लागतात. आणि कुठल्या विसर्गाला किती वाळू येते, म्हणजे पंप कधी बंद ठेवायचा, बर्गे (बंधाऱ्याच्या खांबांमधल्या फळ्या) कधी घालायचे, हे ठरवायचं असेल तरच पुरात उतरून, म्हणजे पुलावरून, सॅम्पलर, म्हणजे तळावरची वाळू पकडायची पेटी, टाकावा लागतो. तिन्ही करता आलं तर उत्तमच, पण पैसे आणि माणसं कमी असतील तर पहिल्या कामापासून, म्हणजे छेदांपासून, सुरू करा.

टप्पा १: जागा आणि बेंचमार्क (मार्च ते मे)

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात आणि त्या ऑगस्टमध्ये कळतात, तेव्हा काही करता येत नाही.

जागा सरळ पात्राची हवी. वळणावर बाहेरच्या काठाला खरवडतं आणि आतल्या बाजूला वाळू पडते, त्यामुळं तिथला आकडा वळणाचा असतो, नदीचा नसतो. सॅम्पलर टाकायला बंधाऱ्याच्या फुगवट्यात जागा घेऊ नका, बर्गे काढलेले असले तरी खांबांमुळं पाणी तुंबतं आणि वाळू तिथंच बसते, फुगवट्याचं टोक जिथं संपतं त्याच्याही वर जा. दोन नद्यांच्या संगमाच्या लगेच खाली नको, दोन्हींचं पाणी आणि माल बराच लांबपर्यंत वेगवेगळा चालतो. आणि जिथून वाळूउपसा चालतो त्या पट्ट्यात तर अजिबात नको, तिथं तुम्ही नदी मोजत नसता, ट्रॅक्टर मोजत असता.

पूल हवाच, कारण पुरात होडीतून हे काम करण्यात अर्थ नाही. पण पुलाच्या खांबाभोवती भोवऱ्याने खड्डा पडतो, म्हणून मोजायच्या उभ्या रेषा दोन खांबांच्या मधोमध येतील असं बघा, आणि खांबाजवळ घ्यावीच लागली तर वहीत तसं लिहा. दख्खनच्या नद्यांत अजून एक भानगड असते: पात्रात मध्येच काळ्या खडकाची फरशी उघडी असते, वाळू तिच्यावरून सरसर निघून जाते, आणि उन्हाळ्यात बघणारा म्हणतो इथं गाळच नाही. सॅम्पलर अशा खडबडीत खडकावर नीट टेकत नाही. ती जागा सोडा.

मग बेंचमार्क, म्हणजे ज्याच्यावरून बाकी सगळ्या पातळ्या मोजायच्या ती न हलणारी खूण. निदान दोन, शक्य तर तीन, आणि तिन्ही पुराच्या पाण्याबाहेर किंवा पुरात न हलणाऱ्या पक्क्या बांधकामावर, जसं पुलाच्या काठावरच्या भिंतीवर छिन्नीने केलेली खूण. झाडाच्या बुंध्यावर खिळा, शेतातला दगड, गेज पट्टीचा (पाण्याची पातळी वाचायच्या पट्टीचा) खांब, हे बेंचमार्क नव्हेत. गेजचा खांब ओंडका लागून वाकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे एवढं का, तर हिशोब बघा. पात्र ४० मीटर रुंद, तुमचा पट्टा ५०० मीटर लांब. लेव्हलमध्ये फक्त २ सेंटिमीटर चूक झाली तर ४०० घनमीटर माल हवेतून तयार होतो. म्हणजे जवळपास १४० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). नदीने वर्षभरात खरंच आणलेला माल त्याहून कमी असू शकतो.

आडवे छेद निदान पाच-सहा घ्या, दोन्ही काठांना सिमेंटमध्ये सळई पुरून. छेदाच्या शून्य खुणेपासूनचं अंतर, म्हणजे आरडी, नेहमी एकाच काठावरून. एका वर्षी डाव्या आणि पुढच्या वर्षी उजव्या काठावरून मोजलेली वही बघितली की डोकं धरावं लागतं. डावा-उजवा नदी वाहते त्या दिशेला तोंड करून.

तपासणी: ऑटो लेव्हलने (पातळी मोजायच्या दुर्बिणीने) सुरुवातीच्या बेंचमार्कवर परत येऊन फेरी बंद करा. फरक ५-१० मिलिमीटरच्या आत नसेल तर त्या दिवसाचं काम रद्द, दुसऱ्या दिवशी परत. फरक पॉइंटांत वाटून टाकायचा मोह होतो, पण आधी चूक शोधा. बहुतेक वेळा स्टाफ (दुर्बिणीतून वाचायची मोजपट्टी) चिखलात रुतलेला असतो.

परवानगीचंही याच दिवसांत बघा. पूल ज्या खात्याचा त्याचं पत्र, जलसंपदाच्या शाखा अभियंत्यांना कल्पना, आणि तहसील कार्यालयात एक अर्ज, कारण वाळू हे गौण खनिज आहे आणि नदीतून गोणीभर वाळू उचलणारा माणूस गावात लगेच चर्चेचा विषय होतो.

टप्पा २: पात्रातला माल बघा, मग सॅम्पलर निवडा

हेली-स्मिथ हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा सॅम्पलर. पुढं ७६ मिलिमीटर बाय ७६ मिलिमीटरचं चौकोनी तोंड, मागं रुंदावत जाणारा गळा, त्याला जाळीची पिशवी, आणि तोंड प्रवाहाकडं राहावं म्हणून शेपटी. पिशवीची जाळी साधारण ०.२५ मिलिमीटरची असते, म्हणजे त्याहून बारीक वाळू निघून जाते. अर्धा मिलिमीटर ते १६ मिलिमीटर या दाण्यांना हा सॅम्पलर भरवशाचा. तुमच्या पात्रात नुसती बारीक रेतीच असेल किंवा नारळाएवढे गोटे असतील तर हा टाकून उपयोग नाही.

म्हणून उन्हाळ्यात आधी दाणा तपासा. वाळू असेल तर चाळण्या लावा. गोटे असतील तर पात्रात आडवंतिडवं चालत, न बघता बुटाच्या टोकाशी हात घालून जो दगड लागेल तो उचलायचा, असे निदान १०० दगड, आणि प्रत्येकाची मधली बाजू मोजायची, सगळ्यात लांब नाही आणि सगळ्यात बारीकही नाही. लोक बघून उचलतात, त्यामुळं हाताला बरे वाटणारे मुठीएवढे गोळे तेवढे येतात आणि बारके खडे गायब होतात. न बघता म्हणजे खरंच न बघता.

वरचा थर आणि खालचा थर वेगळा घ्या. वर खरबरीत खड्यांचं पांघरूण आणि खाली बारीक वाळू असं बऱ्याच ठिकाणी असतं, आणि पुरात ते पांघरूण फाटलं की खालचा माल एकदम सुटतो.

सावधान: नमुना पुरेसा मोठा हवा. साधा नियम असा की नमुन्यातल्या सगळ्यात मोठ्या एका दगडाचं वजन एकूण नमुन्याच्या १ टक्क्याहून जास्त नसावं. ३२ मिलिमीटरचा खडा पन्नासेक ग्रॅम भरतो, म्हणजे नमुना ५ किलो. ६४ मिलिमीटरचा दगड असेल तर ४० किलोच्या आसपास जातं. पावशेराच्या प्लास्टिक पिशवीत आणलेल्या मालावरून दाण्यांच्या आकाराचा वक्र काढू नका.

घनताही एकदा मोजून ठेवा. पुस्तकात सगळीकडं २.६५ लिहिलेलं असतं ते क्वार्ट्झच्या वाळूचं. आपल्याकडचा बराचसा माल बेसॉल्टचा, घट्ट बेसॉल्ट त्याहून जड आणि सच्छिद्र झिजलेला हलका.

टप्पा ३: साखळ्या आणि रंगवलेले दगड (मे अखेर)

मला विचाराल तर कमी पैशात सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट म्हणजे पात्रात उभी पुरलेली साखळी. मीटर-दीड मीटरची साधी लोखंडी साखळी, खालच्या टोकाला अँकर, पात्रात उभी घालायची आणि वरची कडी तळाच्या पातळीला ठेवायची. पूर आला, तळ खरवडला की साखळीचा उघडा पडलेला भाग प्रवाहाच्या दिशेने आडवा पडतो. पूर ओसरताना त्यावर परत वाळू बसते. नंतर उकरलं की साखळी जिथं काटकोनात वळलेली असते तिथपर्यंत खरवड झाली होती.

उदाहरण घ्या. मे महिन्यात तळाची पातळी १००.०० मीटर. ऑक्टोबरमध्ये तळ ९९.९० वर. नुसत्या लेव्हलवर विसंबणारा लिहील, १० सेंटिमीटर खरवड. उकरलं तर साखळीचं वळण ९९.५५ ला सापडतं. म्हणजे ४५ सेंटिमीटर खरवडलं आणि ३५ परत भरलं. पाया किती खोल घ्यायचा हे ठरवणाऱ्याला ४५ पाहिजेत, १० नव्हे.

साखळीची जागा दोन पक्क्या खुणांपासून टेपने मोजून ठेवा. "बाभळीच्या समोर" असं लिहिलेल्या साखळ्या परत सापडत नाहीत, बाभूळही कधी कधी सापडत नाही. मोबाइलचं जीपीएस काही मीटर इकडंतिकडं दाखवतं, त्यावर भरवसा नको. भाड्याने मेटल डिटेक्टर मिळाला तर कष्ट वाचतात.

गोट्यांच्या पात्रात रंगवलेले दगड ठेवायचे. इथं नेहमीची चूक म्हणजे दगड रंगवून पात्रावर नुसते पसरून देणं. असा वर ठेवलेला दगड पहिल्याच पाण्याला पळतो आणि आकडा फुगतो. पात्रातला एक दगड काढायचा, त्याच खाचेत त्याच आकाराचा रंगवलेला दगड बसवायचा. तीन-चार आकाराचे गट करा, प्रत्येकावर नंबर घाला, आणि शेंदरी रंग चुकूनही वापरू नका. शेंदरी दगड नदीकाठी दिसला की त्याला हळदकुंकू वाहिलं जातं आणि मग तो उचलायला तुम्ही जाऊन बघा. पिवळा बरा.

टप्पा ४: सॅम्पलरची तालीम

पुराच्या दिवशी सॅम्पलर पहिल्यांदा खोक्यातून बाहेर काढणारी माणसं आहेत. तसं करू नका. जूनच्या आधी एखाद्या वाहत्या कालव्यात दोन तास तालीम करा.

वर्कशॉपमधून बनवून घेतलेला असेल तर तोंड आणि गळ्याची मापं मूळ ड्रॉइंगप्रमाणेच आहेत का ते कॅलिपरने बघा. मागं रुंदावणाऱ्या गळ्यामुळं पाणी आत ओढलं जातं, ते प्रमाण बदललं की सॅम्पलर जास्त किंवा कमी खातो आणि तुम्हाला कळतही नाही. तोंडाची खालची कड वाकलेली असेल तर वाळू खालून निसटते. केबलवरून सोडायचा नेहमीचा सॅम्पलर ३० किलोच्या आसपास असतो, जोराच्या पाण्यात तोही मागं ओढला जातो, तेव्हा वरच्या अंगाला एक ताणाची दोरी लावायची सोय आधीच करून ठेवा.

दोन पिशव्या तरी जादा ठेवा. रोज काम झाल्यावर पिशवी उलटी करून धुवायची. जाळीत बारीक माती आणि शेवाळ बसलं की पाणी आरपार जात नाही, मग तोंडाशीच पाणी तुंबतं आणि वाळू बाजूने वळून जाते.

तपासणी: तालमीत एकाच जागी लागोपाठ दहा नमुने घ्या आणि वजनं बघा. एक रिकामा, एक तिप्पट, असं येईल. घाबरू नका, यंत्र बिघडलेलं नाही. वाळू तळावरून सरळ पसरून जात नाही, उंचवटे सरकत जातात, उंचवट्याची पाठ आली की भरपूर आणि खळगा आला की जवळजवळ काही नाही. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की "एक नमुना पुरे" असं म्हणायची कुणाची हिंमत होत नाही.

टप्पा ५: पुराचा दिवस

आधी सुरक्षितता, आणि हे कंटाळवाणं वाटलं तरी वाचा. लाइफ जॅकेट पुलावरही घालायचं. दोर हाताला गुंडाळून उभं राहायचं नाही, ओंडका अडकला तर दोरासकट माणूस जातो. वरच्या अंगाला एक माणूस फक्त ओंडके, जलपर्णीचे गठ्ठे बघायला. अंधारात काम नाही. वरच्या धरणाच्या विसर्गाची बातमी घेतल्याशिवाय सुरुवात नाही, कारण राधानगरीसारख्या ठिकाणी स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, तुमच्या वेळापत्रकाची वाट बघत नाहीत. आणि थांबायची पातळी आधीच ठरवून ठेवा. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५, तशी तुमच्या जागेची इशारा पातळी विचारून घ्या आणि पाणी तिथं पोचलं की सामान आवरा. त्या वरचा आकडा नाही मिळाला तर नाही मिळाला.

कामाचा क्रम असा:

१. गेज वाचा, वेळ लिहा.

२. विसर्ग मोजा, करंट मीटर (पाण्याचा वेग मोजायचं यंत्र) किंवा जे असेल त्याने. नुसती पातळी पुरत नाही, चढत्या आणि उतरत्या पुरात एकाच पातळीला विसर्ग आणि गाळ दोन्ही वेगळे असतात.

३. सॅम्पलरची पहिली फेरी, एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे.

४. गेज परत वाचा.

५. दुसरी फेरी, उलट दिशेने, त्याच जागांवर.

६. तरंगत्या गाळाचे बाटलीचे नमुने.

७. शेवटी पुन्हा गेज.

मध्येच पाणी फार चढलं किंवा उतरलं तर दोन फेऱ्या एकत्र करू नका, दोन वेगळ्या नोंदी धरा.

पात्राचा हलणारा भाग ४० मीटर असेल तर २ मीटरवर एक अशा २० जागा, पहिली काठापासून १ मीटरवर. दोन फेऱ्या म्हणजे ४० नमुने. जास्त वाटतं, पण पाच नमुन्यांच्या सरासरीला काही अर्थ नाही हे तालमीत बघितलंच आहे. प्रत्येक जागी तेवढाच वेळ, ३० किंवा ६० सेकंद, आणि एकदा ठरवला की बदलायचा नाही.

आता खरं कसब, टेकवायचं. खाली सोडताना शेवटचा फूट अगदी हळू. धाडकन आदळला की तोंड वाळूत घुसतं आणि नदीने न आणलेली वाळू पिशवीत जाते. शेपटी आधी टेकली पाहिजे, मग तोंड. टेकला की स्टॉपवॉच सुरू, आणि केबलला किंचित ढील, नाहीतर पुलावरच्या हाताच्या धक्क्याने तो तळावर नाचतो. वेळ झाली की सरळ वर, झटक्यात, पुढं न ओढता. ओढला की फावड्यासारखा खरवडत येतो.

सावधान: पिशवी ४० टक्क्यांहून जास्त भरली असेल तर तो नमुना सोडा आणि कमी वेळाने परत घ्या, आणि मग सगळ्याच जागी तोच कमी वेळ. पिशवीत उसाचं पाचट, प्लास्टिक, जलपर्णीची मुळं भरून आली तरी नमुना रद्द. शेजारच्या जागांपेक्षा कितीतरी पट माल आला तर एकदा परत टाकून बघा, तोंड घुसलं असेल. परत तसाच आला तर तो खरा आहे, दोन्ही लिहा.

आणि रिकामी पिशवी आली तर शून्य लिहायचं. "काही आलं नाही" म्हणून ओळ सोडून द्यायची नाही. याचा परिणाम पुढं हिशोबात दाखवतो.

चिठ्ठी पेन्सिलने लिहून पिशवीच्या आत टाका: तारीख, वेळ, आरडी, फेरी, सेकंद. मार्करची अक्षरं पावसात जातात.

बाटलीच्या नमुन्याबद्दल थोडक्यात: आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर नमुना. बाटली तळाला टेकू देऊ नका. प्रयोगशाळेत ०.२ मिलिमीटरच्या वरचा जाड, ०.०७५ ते ०.२ मध्यम आणि त्याखालचा बारीक असे तीन भाग करतात. जाड भागाचा आकडा बेडलोडच्या शेजारी ठेवून बघा, तीच वाळू कधी तळावर असते कधी पाण्यात.

टप्पा ६: वाळवणं आणि वजन

नमुना ओला तोलू नका. पाणी निथळलेलं दिसत असलं तरी वाळू वजनात भरपूर पाणी धरून असते आणि प्रत्येक नमुन्यात ते वेगळं. १०५ अंशांवर ओव्हनमध्ये, वजन स्थिर होईपर्यंत, साधारण रात्रभर ते २४ तास. त्याआधी पानं, काड्या, शिंपले, प्लास्टिक वेचा. ओव्हन नसेल तर तालुक्याच्या बांधकाम साहित्य तपासणीच्या लॅबमध्ये सहज करून मिळतं. प्रत्येक नमुन्याचं वजन वेगळं, सगळे एकत्र ओतून एकच वजन करू नका, नाहीतर काठाला किती आणि मधल्या धारेला किती हे कायमचं गेलं.

टप्पा ७: हिशोब

समजा ४० नमुन्यांचं मिळून कोरडं वजन ६ किलो भरलं, वेळ ६० सेकंद. सरासरी १५० ग्रॅम. तोंडाची रुंदी ०.०७६ मीटर. मग दर मीटर रुंदीला दर सेकंदाला ०.१५० ÷ (०.०७६ × ६०) = ०.०३२९ किलो. ४० मीटर रुंदीला १.३२ किलो दर सेकंद, म्हणजे तासाला पावणेपाच टनाच्या आसपास. सगळ्या जागा सारख्या अंतरावर असतील तरच अशी साधी सरासरी चालते, नसतील तर प्रत्येक जागेला तिच्या वाट्याची रुंदी लावून गुणा.

आता शून्याचं. त्या ४० पैकी १२ रिकामे होते आणि तुम्ही ते गाळले, तर सरासरी १५० ऐवजी २१४ ग्रॅम होते. ४३ टक्क्यांनी आकडा वाढला, नदीने काही न करता.

यापेक्षा मोठा घोटाळा वर्षाच्या आकड्यात होतो. तासाला पावणेपाच टन म्हणजे दिवसाला ११४ टन, गुणिले ३६५, झाले ४१ हजार टनांहून जास्त. असे रिपोर्ट आहेत. पण नदी त्या विसर्गाला वर्षभर नसते, काही तास असते. बरोबर पद्धत अशी की वेगवेगळ्या विसर्गाला मोजलेले दर मांडायचे आणि प्रत्येक पट्ट्यात नदी किती तास होती ते गेजच्या नोंदीतून काढायचं. समजा १.३ किलोच्या दराला १८ तास, ०.४ ला ६० तास, ०.०५ ला २०० तास, बाकी वर्ष जवळजवळ शून्य. बेरीज येते साधारण २०७ टन. ४१ हजार कुठं आणि २०७ कुठं. २०७ टन म्हणजे पसरलेल्या वाळूचे अंदाजे १३४ घनमीटर, ४७ ब्रास. ग्रामसभेत किंवा पाणी वापर संस्थेत सांगताना ब्रासमध्येच सांगा, लगेच कळतं आणि लगेच प्रश्नही येतात.

दर आणि विसर्गाचा आलेख काढाल तेव्हा दोन्ही अक्ष लॉगचे (१, १०, १०० असे दहापटीने वाढणारे), आणि तुम्ही मोजलेल्या सगळ्यात मोठ्या विसर्गापुढं रेघ वाढवताना तुटक काढा. "तरंगत्या गाळाच्या १० टक्के धरा" हा शॉर्टकट मोजमाप नसताना डिझाइनला वापरतात, मोजमाप असताना त्याकडं वळू नका.

टप्पा ८: दुसऱ्या वाटेने तपासा

वाळूच्या पात्रात सरकते उंचवटे असतील तर पुलावरून इको साउंडरने (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणाऱ्या यंत्राने) एकाच रेषेवर थोड्या थोड्या वेळाने तळ मोजा. उंचवटा ३० सेंटिमीटर उंच आणि तासाला ५० सेंटिमीटर सरकतोय असं दिसलं, तर त्रिकोणी आकार धरून निम्मं, आणि दाण्यांमधली पोकळी ४० टक्के सोडून: ०.५ × ०.३ × ०.५ × ०.६ = ०.०४५ घनमीटर दर तास दर मीटर. घनता २६५० किलो दर घनमीटर धरली तर ११९ किलो दर तास, म्हणजे ०.०३३ किलो दर सेकंद. सॅम्पलरच्या आकड्याशी जुळलं. इथं मी मुद्दाम जुळणारे आकडे घेतलेत, प्रत्यक्षात दुपटीच्या आत आलं तरी काम चांगलं झालं समजा. दहापट फरक असेल तर आधी पिशवीची जाळी आणि गळ्याची मापं बघा.

टप्पा ९: पावसाळ्यानंतरचे छेद

याची वेळ चुकली की वर्ष गेलं. ऑक्टोबरमध्ये बंधाऱ्याला बर्गे घातले की पाणी चढतं आणि फुगवट्यातले छेद पाण्याखाली जातात. त्याआधी पोचायचं, पण पूर पूर्ण ओसरल्यावर. आणि वाळूउपसा सुरू व्हायच्याही आधी. या दोन-तीन आठवड्यांच्या खिडकीत छेद, साखळ्या, रंगीत दगड सगळं उरकायचं, त्यामुळं माणसं आणि दुर्बीण सप्टेंबरमध्येच बुक करून ठेवा, दसरा-दिवाळीच्या तोंडावर कुणी मिळत नाही.

बेंचमार्क आपसात परत तपासल्याशिवाय पहिला स्टाफ धरू नका. त्याच सळया, तोच शून्य काठ. छेदात कुठं खड्ड्याची कड एकदम उभी आणि ताजी दिसली, बाजूला चाकांच्या खुणा असल्या, तर तो खड्डा नदीचा नाही, फोटो काढा आणि तो भाग हिशोबातून वेगळा ठेवा. वर-खाली काय झालं ते प्रत्येक छेदाला घनमीटरमध्ये काढा आणि सॅम्पलरच्या वर्षाच्या आकड्याशेजारी मांडा. छेदात बारीक गाळही बसलेला असतो, तो चाळणीने वेगळा काढल्याशिवाय दोन्हींची तुलना करू नका.

रिपोर्टात एकच आकडा नको, पट्टा द्या, म्हणजे अमुक ते तमुक ब्रास. सोबत कुठल्या विसर्गापर्यंत मोजलं, किती नमुने, किती रिकामे, किती रद्द आणि का, जाळी किती मिलिमीटरची, आणि बेंचमार्कचा फोटो. पुढच्या वर्षी दुसरा माणूस येईल तेव्हा त्याला यातली प्रत्येक गोष्ट लागते, आणि वहीची झेरॉक्स बंधाऱ्याच्या चौकीदाराकडं न ठेवता संस्थेच्या कपाटात ठेवा.